सल्याचं पुढे काय झालं

'सैराट' मी थिएटरात एकदाच बघितला. २०१६ चा मे महिना, अकोल्याचं ऊन, मोर्णेच्या पात्रात पाण्यापेक्षा जलकुंभी जास्त. पुलापलीकडच्या टॉकीजमध्ये दुपारचा शो होता आणि आम्ही पाच जण दोन रिक्षांतून गेलो होतो. मी, बायको, अम्मी, माझी मुलगी (तेव्हा अकरा वर्षांची) आणि आपा.

आपा म्हणजे माझ्या मोठ्या मामूंची मुलगी. जुन्या शहरात, असदगडाच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत आमची आणि मामूंची घरं भिंतीला भिंत लावून होती. मधल्या भिंतीत एक दार होतं आणि ते रात्री झोपतानाच बंद व्हायचं. आपाचं लग्न होऊन ती बऱ्हाणपूरला गेली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात ती पंधरा दिवस येते.

"मराठी पिक्चर? मेरेकू समझेगा क्या?" ती रिक्षात म्हणाली.

"समझेगा," मी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला मराठी किती समजतं हे मला जितकं माहीत आहे तितकं दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

सिनेमाबद्दल नव्याने काय सांगणार? नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २९ एप्रिल २०१६ ला त्यांचा 'सैराट' आला आणि शंभर कोटींच्या वर गल्ला करणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. अर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा तिला पंधरावंही पुरं झालेलं नव्हतं. गावोगावी लोक गाण्यांवर खुर्च्यांसमोर नाचत होते. आमच्या शोलाही नाचले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुढच्या रांगेतल्या दोन बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. माझ्या मुलीने बुलेट चालवणारी अर्ची बघून माझा हात धरला, "अब्बू, मैं भी सीखूंगी." अम्मी म्हणाली, "पहले सायकल सीख."

मध्यंतरापर्यंत सगळं असंच चाललं. पाटलाची पोरगी, मासे धरणाऱ्याचा पोरगा, विहीर, ऊस, ट्रॅक्टर, चिठ्ठ्या. अजय-अतुल यांनी सनई-हलगीबरोबर परदेशातला वाद्यवृंद वाजवून घेतला होता, त्याने सगळा पडदा फुगून आल्यासारखा वाटत होता.

मी मात्र पार्श्याकडे बघतच नव्हतो. मी सल्याकडे बघत होतो.

सल्या म्हणजे सलीम शेख, पार्श्याचा मित्र. लंगड्या आणि सल्या ही जोडी. मराठी सिनेमातले मुसलमान मी लहानपणापासून बघत आलोय. एक तर कोणीतरी भला चाचा असतो, जो तिसऱ्या रिळात देशासाठी किंवा दोस्तासाठी मरतो, नाहीतर डोळ्यांत सुरमा घातलेला गुंड. सल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. तो टोपी घालून फिरत नाही, ईदचा शिरखुर्मा वाढत नाही, भाईचाऱ्यावर भाषण करत नाही. मित्राचं प्रेम जमावं म्हणून उन्हातान्हात हिंडतो, टिंगल करतो. त्याचं मुसलमान असणं फक्त नावात आहे, आणि गावात ते तसंच असतं बऱ्याचदा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी मंजुळेंना सलाम केला होता.

मग प्रकरण उघडं पडतं. पाटलाची माणसं पोरांना धुतात. खोट्या तक्रारीत तिघांना ठाण्यात बसवतात, आणि अर्ची येऊन ती तक्रार मोडून काढते. या सगळ्या मारहाणीत सल्या आणि लंगड्या मित्राला सोडत नाहीत. सल्या मार खातो, पण फुटत नाही.

मी अकरा वर्षांचा होतो आणि दोन थपडांत फुटलो होतो.

१९८९ ची हिवाळी सुरुवात. आमच्या गल्लीत वर्षातून एकदा पिंजारी यायचा. खांद्यावर धनुकली, तिच्या तातीचा आवाज, तो कोपऱ्यावर आला की बाया जुन्या गाद्या-रजया ओट्यावर काढायच्या. अकोला कापसाचं शहर, पण कापूस म्हणजे गाठी आणि जिनिंग-प्रेसिंग हे मोठ्यांचं जग. आम्हा पोरांसाठी कापूस म्हणजे पिंजाऱ्याच्या धनुकलीखाली उडणारा बर्फ. त्या वर्षी त्याच्याबरोबर त्याचा मुलगा आला. कॉलेजात बी. कॉम. करत होता, सुट्टीत बापाला मदत करायचा. मामूंच्या अंगणात तीन दिवस काम चाललं. तीन दिवसांत काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मला दिसलं नाही. चौथ्या दिवशी नानीचं पान आणायला मी टपरीवर गेलो तर तो तिथे उभा होता. त्याने माझ्या खिशात घडी केलेला कागद सरकवला.

आता इथे एक अडचण होती. आपा उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. मराठी तिला विषय म्हणून होतं, पण वाचताना अक्षरं जोडत बसायची. तो मुलगा मराठी शाळेतला. घरात तो आमच्यासारखंच बोलायचा, पण लिहिता त्याला मराठीच यायचं. माझे अब्बा एस.टी.त कंडक्टर, त्यांनी मला हट्टाने मराठी शाळेत घातलेलं, "अपने को इसी मुलुक में रोटी खानी है" म्हणून. तेव्हा ती पत्रं वाचून दाखवणं माझ्याकडे आलं.

गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे मी ती पत्रं वाचायचो. आपा गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकायची. एखादा शब्द अडला की मी त्याचा अर्थ सांगायचो, बहुतेक वेळा चुकीचा. 'विरह' या शब्दाचा अर्थ मी तिला 'आराम' असा सांगितल्याचं आठवतं. मी आज मराठीत लिहितो त्याची बरीच कारणं मी वेळोवेळी दिली आहेत, मेळाव्यांत वगैरे. अब्बांचा हट्ट, शाळेतले गुरुजी, वाचनालय. गच्ची मी कधी सांगितली नाही.

आठ-नऊ पत्रं झाली असतील. नववं किंवा दहावं मामूंनी पकडलं. माझ्या हातातून नाही, माझ्या भूगोलाच्या पुस्तकातून.

मामूंबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते पाटील वाटतील. ते जिनिंग फॅक्टरीत मुनीम होते. पाच वेळचे नमाजी, कोणाशी वर आवाज करून न बोलणारे. सिनेमाचे शौकीन. दिलीपकुमार त्यांचा जीव की प्राण. 'मुघल-ए-आझम' १९६० साली आला तेव्हा त्यांनी तो किती वेळा बघितला याचा आकडा दर ईदला वाढायचा. कनीजवर जीव लावणाऱ्या शहजाद्यासाठी त्यांचे डोळे भरून यायचे. पण आपण सय्यद आहोत आणि आपला शिजरा लोखंडी पेटीत आहे, हेही ते विसरायचे नाहीत. पिंजाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची हा विचार त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हता. "कुफू नहीं है," एवढंच ते म्हणायचे. कुफू म्हणजे लग्नात दोन घरांची बरोबरी. मुसलमानांत जात नाही, सगळे एका सफीत उभे राहतात, हे मी शेजारच्या हिंदू मित्रांना कितीतरी वेळा अभिमानाने सांगितलंय. सफीत उभे राहतात हे खरंच आहे. सलाम फेरून, चपला घालून बाहेर पडल्यावरचं मी सांगत नसे.

(पुढे नव्वदच्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. पिंजारी, बागवान, अत्तार, कसाब या जमातींना दाखले मिळावेत म्हणून स्वतः दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांना उभे राहिले. मुसलमानांतही जाती आहेत हे खुद्द मामूंच्या हिरोने जाहीर सांगितलं. मामूंनी त्यावर काही न बोलता रेडिओ बंद केल्याचं मला आठवतं.)

तर पत्र पकडलं गेलं. मामूंनी ते उलटसुलट करून बघितलं. आणि मग मला समजलं की मामूंना ते वाचता येत नाहीये. त्यांचा सगळा हिशेब उर्दूत. मराठी बोलायचे झकास, अस्सल वऱ्हाडी, बाजारात कोणी त्यांना मुसलमान म्हणून ओळखायचं नाही. पण बाळबोध अक्षर त्यांना कोरं होतं.

"पढ," ते म्हणाले.

मी गप्प. पहिली थप्पड. "किसका है?" गप्प. दुसरी थप्पड. मामूंनी त्याआधी मला कधीच मारलं नव्हतं, म्हणून ती जास्त लागली असावी. आणि मी वाचायला लागलो.

मला खोटं वाचता आलं असतं. या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलाय. त्या खोलीत मराठी वाचणारा मी एकटा होतो. 'गादीला आठ शेर कापूस लागेल, शिलाईचे इतके इतके रुपये' असं काहीही मला म्हणता आलं असतं. अकरा वर्षांच्या पोराला एवढं सुचतं. शाळेत गृहपाठाच्या वेळी मला याहून मोठी खोटं सुचायची. पण मी त्याने लिहिलेलं ओळ न ओळ वाचत गेलो, शाळेत प्रकट वाचन करतात तसं, विरामचिन्हांसकट.

त्यात लिहिलं होतं की छोट्या लाइनवरून काचीगुड्याला जाणाऱ्या गाडीने हैदराबादला जाऊ. तिथे त्याचा कोणी नातेवाईक होता, काम मिळेल म्हणाला होता. दिवस लिहिला होता. मी तो दिवस वाचला तेव्हा मामूंनी कागद माझ्या हातातून ओढला आणि चुलीत टाकला. दाराच्या फटीत आपा उभी होती.

त्या मुलाला कोणी मारलं नाही. आमच्याकडे तलवारी निघाल्या नाहीत. त्याच्या बापाला बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं. तो म्हातारा उठताना मामूंच्या पायांना हात लावायला गेला आणि मामू मागे सरकले. त्यानंतर आमच्या गल्लीत धनुकलीचा आवाज आला नाही. दोन महिन्यांत आपाचा निकाह लागला. वकील दोन गवाह घेऊन आतल्या खोलीत इजाजत घ्यायला आले. इस्लाममध्ये मुलीच्या मर्जीशिवाय निकाह होत नाही, हे आम्ही जगाला सांगतो आणि ते खरंही आहे. वकिलांनी तीनदा विचारलं. आपा काही बोलली नाही. कुमारिकेची खामोशी म्हणजे रजामंदी, असं फिकहचं बोट धरून तिथेच ठरलं. शिवाय मागून एक काकी म्हणाल्या, "हौ बोली, हौ बोली." मी दारात खजूर वाटायला उभा होतो.

आता २०१६ च्या थिएटरात परत. मध्यंतरानंतर अर्ची-पार्श्या रेल्वेने पळतात आणि हैदराबादला पोहोचतात.

हैदराबाद. मी आपाकडे बघितलं नाही. ती माझ्या उजवीकडे, अम्मीच्या पलीकडे बसली होती. मी समोरच बघत राहिलो.

'सैराट'चा हा दुसरा भाग लोकांना लांबलेला वाटतो असं मी पुष्कळ ऐकलंय. माझ्या मते खरा सिनेमा तिथे आहे. गाणी संपतात. झोपडपट्टी, वास, संडास, पाण्याची रांग. वाड्यात वाढलेल्या अर्चीला घास जात नाही. डोसे विकणारी सुमन अक्का त्यांना आसरा देते. अर्ची कारखान्यात कामाला लागते, मोडकीतोडकी तेलुगू शिकते. आणि पार्श्या, कविता करणारा हळवा पार्श्या, तिच्यावर संशय घेतो, हात उगारतो. ती निघून जाते, परत येते. प्रेमाचं हे मीठ-मिरचीचं बाजूला ठेवून जे सिनेमे फक्त पळून जाईपर्यंतचं दाखवतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही. पुढे २०१८ साली हिंदीत याचाच 'धडक' केला, त्यात सगळे इतके स्वच्छ दिसतात की गरिबीला वासच नाही. असो.

शेवट वाचकांना माहीत आहे. मूल झालंय, घर होतंय, आणि अर्ची आईला फोन करते. माहेरची ओढ. त्या फोनचा माग धरून भाऊ येतो, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन, हसत. ती त्यांच्यासाठी चहा टाकते. मग शेजारीण लेकराला घेऊन येते, ते पोरगं आत जातं आणि रक्ताची छोटी पावलं उमटवत बाहेर पडतं. आवाज बंद.

तासाभरापूर्वी नाचणारं ते थिएटर. कोणी उठेना. मागच्या रांगेतला एक पोरगा, शो चालू होण्याआधी सगळ्यात जास्त शिट्ट्या मारणारा, "काय केलं बे हे," एवढंच म्हणाला, कोणाला उद्देशून ते माहीत नाही. अम्मी ओढणीने डोळे पुसत होती.

आपा रडत नव्हती. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "बच्चा तो बच गया ना?"

"हौ, बच गया."

"फिर ठीक है."

रिक्षात कोणी बोललं नाही. दगडी पुलावर आलो तेव्हा तिने विचारलं, "वो दुसरा लडका, सलीम, उसका क्या हुआ? बताएच नहीं." खरंच बताया नाही. हैदराबाद सुरू झालं की ते दोघं मित्र जवळजवळ कथेतून जातात. सल्याला पाटलांनी पुढे गावात राहू दिलं का? त्याच्या बापाचं काय झालं? मी म्हणालो, "पता नहीं आपा." ती म्हणाली, "अच्छा लडका था." ते मला लागलं. तिने लागावं म्हणून म्हटलं होतं का, हे मी आजही ठरवू शकलो नाही.

तो मुलगा, म्हणजे पिंजाऱ्याचा, आज पुलापलीकडे गाद्यांचं दुकान चालवतो. यंत्रावर कापूस पिंजतात आता. नातवंडं आहेत. २००९ साली मी एक गादी घ्यायला मुद्दाम दुसऱ्या दुकानात जायचं ठरवलं होतं आणि पाय त्याच्याच दुकानात गेले. त्याने ओळखलं. हिशेबातले वरचे वीस रुपये सोडले आणि विचारलं, "सब खैरियत?" त्यातल्या 'सब'वर त्याने जरा वेळ लावला. मी म्हणालो, सब खैरियत. बऱ्हाणपूरला पण. त्याने मान हलवली आणि सुतळी बांधायला लागला.

हे सगळं आता का आठवलं ते सांगतो. माझी मुलगी, जी बुलेट शिकणार होती, ती कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन जेवणाच्या दस्तरखानाजवळ पडला होता आणि त्यावर एक नाव उजळलं. एका मुलाचं. नंतर परत उजळलं. तिसऱ्यांदा उजळलं तेव्हा मी तो हातात घेतला होता.

ते नाव कोणत्या धर्माचं, कोणत्या बिरादरीचं, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. मलाही सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं, म्हणून मी इथे लिहीत नाही.

१३ मे २०२३ च्या रात्री आमच्या जुन्या शहरात दंगल झाली. एक माणूस गेला, गाड्या जळाल्या, जमावबंदी लागली. सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून ठिणगी पडली. त्यानंतर पुलाच्या दोन्ही बाजूंना आयाबाप मुलींचे फोन बघायला लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या आधी, २०२२ च्या डिसेंबरात, सरकारने आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समितीच नेमली होती. आणि त्याच्याही आधी, २०१८ च्या मार्चमध्ये, सुप्रीम कोर्टाने शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्वच्छ सांगितलंय की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घराची, पंचायतीची, कुळाची परवानगी लागत नाही. मी तो निकाल वाचलाय, त्यावर लिहिलंयही. फोन हातात घेताना त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. आठवलं ते भूगोलाचं पुस्तक. मी फोन खाली ठेवला. पण उपडा ठेवला, नाव दिसू नये म्हणून. हे काही फार मोठं काम केलं असं नाही.

या उन्हाळ्यात आपा आली. मामू जाऊन बारा वर्षं झाली, मधल्या भिंतीतलं दार आता उघडंच असतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही बसलो होतो. मुलगी चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. आपाला काय वाटलं कोण जाणे, तिने तिला सगळं सांगितलं. चादरी, 'विरह', धनुकली, सगळं. मी मध्ये बोललो नाही. थपडांपर्यंत आल्यावर मुलगी माझ्याकडे वळली.

"अब्बू, मामूजान को मराठी पढना नहीं आता था?"

"नहीं."

"तो आपने कुछ भी क्यों नहीं पढ दिया?"

मी म्हणालो, मार लागला होता. ती काही म्हणाली नाही. कप गोळा करायला लागली, माझा अर्धा भरलेला कपसुद्धा.

तेवढ्यात आपा म्हणाली, "उस दिन तूने पूरा नहीं पढा था. अब्बा ने खींच लिया. नीचे और दो लाइन थी ना? मेरेकू दरवाजे से दिखी थी."

होत्या. माझ्या डोळ्यांनी त्या आधीच वाचून टाकल्या होत्या, तोंड मागे पडलं होतं. पस्तीस वर्षांत तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्या. पहिले मराठीत, जशा होत्या तशा, मग गरज नसताना उर्दूतही. गाडी रात्रीची आहे, थंडी असेल, असं त्याने लिहिलं होतं. सामान जास्त घेऊ नकोस. रजई मी आणतो.

आपा बराच वेळ असदगडाकडे बघत राहिली. मगरिबची अजान सुरू झाली म्हणून तिने ओढणी डोक्यावर घेतली.

"उसके अब्बा की रजई अच्छी रहती थी," ती म्हणाली. "कपास एक तरफ नहीं होता था."

मुलगी कप घेऊन जिन्यात उभी होती, ऐकत. खाली तिचा फोन वाजत होता.

"जा," आपा म्हणाली, "उठा ले."